तुरीतला तांडा

ऊसतोडीत माणसं मोजायची रीत निराळी. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस, मग तो कितीही दणकट असो, अर्धा. सेनगावच्या अंगाला माळावर तीस-बत्तीस घरांचा एक तांडा आहे, तिथं सुदामला सगळे अर्धा कोयताच म्हणत. त्याचं लग्न झालं नाही. त्यात सात वर्षांमागं उसाच्या ट्रॉलीवरून पडला आणि उजव्या पायात सळई बसली. मग तो अर्ध्यातूनही गेला. नाव तेवढं राहिलं.

दिवाळी सरली तसे तांड्यावर ट्रक लागले. भांडी, सरपण, कोंबड्या, लेकरं, सगळं वर चढलं. तांड्याचा नायक उत्तमसिंग चढता चढता परत खाली उतरला आणि सुदामपाशी आला.

"अर्ध्या, तुरी तुह्या हवाली. मागल्या साली वानरांनी निम्म्या खाल्ल्या."

"पायाची तकलीफ व्हती, नायक."

"ते वानरांना सांग. औंदा बी गेल्या तर पुढल्या साली बाहेरचं माणूस ठिवू राखणीला. तू मग बस सेनगावच्या ष्टँडावर, यष्ट्या मोजत."

ट्रकवरची माणसं हसली. सुदामही हसला, पण उगंच. तांड्यात त्याची म्हणावी अशी ही एकच जागा उरली होती, राखणीची.

त्याची तयारी मात्र सकाळपासून चालू होती. पाय धड होता तेव्हा तो गोपीचंदच्या बँडात पॅड वाजवायचा. डीजे आले, बँड बसला. जाताना गोपीचंदनं त्याच्या फोनात गाणी जुळवायचं एक अ‍ॅप टाकून दिलं होतं. "घे, घरी बसून वाजव," म्हणाला. ते अ‍ॅप उघडून सुदाम त्या सकाळी घराघरांपुढं फोन धरून फिरला. बायांना वाटलं शूटिंग करून राहिला. दोघी-तिघींनी पदर सारखा केला.

त्याला पाहिजे होते आवाज. बालाजीची मोटारसायकल, चौथ्या किकला चालू होणारी. नायकीण जिवनबाईचं नवऱ्यावर तोंड सोडणं. हंडा घरंगळला, त्यावर कुत्रं भुंकलं. कोणाचा खोकला. आणि बालाजीच्या पोरीची, पुनमची हाक, "आजीऽऽ, मही पिशवी कुठंय?"

तांडा गेला. मागं राहिली सात म्हातारी माणसं, चार शेळ्या आणि सुदाम. गोफण घेऊन लंगडत एका शेतातून वानरं हाकलली की टोळी तिसऱ्या शेतात उतरते, हे मागल्या सालीच कळलं होतं. म्हणून त्यानं मधल्या बाभळीला भाजीवाल्याचा असतो तसला चार्जिंगचा भोंगा बांधला, फोनातले आवाज त्याच्या मेमरी कार्डात भरले आणि तुरीत तांडा चालू केला.

चार दिवस वानरं फिरकली नाहीत. पाचव्या दिवशी बांधावर येऊन बसली. आठव्या दिवशी टोळीतला मोठा हुप्प्या भोंग्याच्या शेजारच्या फांदीवर बसला आणि जिवनबाईच्या शिव्या ऐकत तुरीच्या शेंगा सोलू लागला.

"बस लेका," सुदाम म्हणाला. "घरचाच हाईस तू."

मग त्यानं ते काम मनावर घेतलं. पहिली चूक ध्यानात आली ती अशी की सगळे आवाज एकाच पंधरा मिनिटांच्या तुकड्यात होते. हंडा पडला की कुत्रं, कुत्र्यानंतर खोकला, हे वानरांना पाठ झालं होतं. त्यानं तुकडा तोडून तीन केले, एक तीन मिनिटांचा, एक पाचचा, एक सातचा, आणि तिन्ही एकदम सोडले. आता ते पुन्हा होते तसे जुळायला पावणेदोन तास लागायचे. तेवढ्या वेळात हंडा कधी खोकल्याच्या आधी पडायचा, कधी नंतर.

दुसरी गोष्ट त्याला बांधावर बसल्या बसल्या कळली. लांबचा आवाज नुसता बारीक नसतो, तो बोथट असतो. त्याची धार वाऱ्यानं खाल्लेली असते. अ‍ॅपात ही धार काढायची कळ होती. त्यानं मोटारसायकल बोथट करून लांब नेली, हंडा धारदार ठेवून जवळ आणला. खोकला दर वेळी किंचित जाड-बारीक केला, कारण एकच माणूस दोनदा एकसारखा खोकत नाही. आणि मधे मधे काहीच नाही असंही ठेवलं. भरल्या तांड्यातही कधी घडीभर कोणी बोलत नाही.

वानरं बुचकळ्यात पडली. बांधावर बसून कान द्यायची. पण तासा-दीड तासानं आत यायचीच. काय कमी पडतंय ते सुदामला सापडेना. दिवसभर तो तांड्यातल्या एकेका माणसाचा आवाज लावायचा, कापायचा, परत लावायचा. एवढ्या माणसांत तो अख्ख्या जन्मात बसला नव्हता.

एका दुपारी बांधावरून काठी टेकत चतुराबाई येताना दिसली. बालाजीची आई, पंचाहत्तरीची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नेमकी त्याच वेळी भोंग्यातून पुनमनं हाक मारली.  म्हातारी लेक-नातीला शोधत आली, असं वाटून सुदामनं झटक्यानं भोंगा बंद केला.

"बंद काहून केलास रं?"

तांड्यात आईला याडी म्हणतात. सुदाम तिलाही याडीच म्हणायचा. "याडी, ते खरं न्हाई. फोनातलं हाय ते."

"मला येडी समजून राहिलास का? डोळे गेलेत, डोस्कं न्हाई. बालाजीची गाडी दिवसातनं वीस डाव चालू व्हती अन् एक डाव बी कुठं जात न्हाई."

"मग आलीस कशाला इतक्या लांब?"

"घरी नीट ऐकू येत न्हाई. लाव."

त्यानं लावला. ती तुरीच्या सावलीत फतकल मारून बसली आणि डोळे मिटून ऐकत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "वानर येडं न्हाई, सुदाम. तुह्या ह्या तांड्यात कोणी कोणाला ओ देत न्हाई."

"म्हंजे?"

"जिवनबाई इतकी बोंबलती अन् नायक गप. तो तसा गपच ऱ्हातो म्हणा, पण खाकरतो तरी. पोरगी आजीला हाका मारती, आजी कुठं हाय? ज्या हाकेला ओ न्हाई, तिला वानर काय भेतं?"

 महिनाभर अ‍ॅपातल्या सगळ्या कळा सुदामनं फिरवल्या होत्या. ही कळ त्यात नव्हती.

"चाल घरी," ती काठी शोधत म्हणाली. "मी देते ओ. समद्यांची देते."

तिच्या घरात पत्रा होता, आवाज घुमायचा. सुदामनं दोन जाड गोधड्या काढल्या आणि म्हातारीच्या आणि फोनच्या वरून टाकल्या. आतून चतुराबाई खदखदा हसली. "जिती हाय मी अजून, लेका!"

तो एकेक हाक लावायचा आणि ती ओ द्यायची. जिवनबाईच्या शिव्यांवर ती हुबेहूब उत्तमसिंगसारखी खाकरली. मोटारसायकलला म्हणाली, "सावकास जाय रं." कुत्र्याला हाड म्हणाली, हंडा पाडणारीला सात पिढ्यांवरून बोलली. तिला चेव आला होता.

मग त्यानं पुनमची हाक लावली. ओ आली नाही. त्यानं परत लावली. तिसऱ्यांदा लावल्यावर आतून हळूच आवाज आला, "खुंटीला हाय गं, माय. नीट पहाय."

"जरा मोठ्यानं, याडी."

"ती अशी कडंला येऊन उभी व्हती तवा. मोठ्यानं काहून बोलू?"

सुदामनं पुन्हा सांगितलं नाही.

घरी येऊन तो कापायला बसला. जुळवायच्या कामाचा पहिला धडा गोपीचंदनं बँडात असताना दिला होता: आवाज सरला की शेपूट कापून टाकावं. नाहीतर मागची खुडबुड ऐकू येते आणि सगळा खेळ उघडा पडतो. त्यानं एकेक शेपूट कापलं. प्रत्येक ओ हाकेनंतर कमी-जास्त उशिरानं ठेवली, कारण कोणी लगेच ओ देतं, कोणी हातातलं काम सोडून. शेवटी पुनमचा तुकडा आला. "नीट पहाय"च्या पुढं फोन चालूच राहिला होता. गोधडी सरकल्याचा आवाज. मग म्हातारीचा, दमलेला, "झालं का?" आणि मग, "सुदाम, जेवलास का रं?"

त्यानं बोट कापायच्या कळीवर ठेवलं. मग त्याच्या ध्यानात आलं. त्या सकाळी त्यानं अख्खा तांडा भरून घेतला होता, महिनाभर शेकडो डाव ऐकला होता. त्यात सगळ्यांची नावं आली होती, कुत्र्याचं सुद्धा. त्याचं नाव कुठंच नव्हतं. अर्धा म्हणून सुद्धा नाही.

त्यानं बोट उचललं. शेपूट तसंच राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी वानरं आली, बांधावर बसली. जिवनबाई बोंबलली आणि कोणीतरी खाकरलं. हुप्प्या उभा राहिला. अर्धा तास तो मान तिरकी करून ऐकत होता. मग वळला, आणि टोळी घेऊन नाल्यापलीकडच्या गायरानात गेला. तिथून वानरं बघत बसायची. अलीकडं यायची नाहीत. तुरी भरत आल्या, पिवळ्या पडल्या.

पौषात उत्तमसिंगचा फोन आला. "अर्ध्या, तुरी हाएत का गेल्या?"

"हाएत. बराबर हाएत. काढायला माणसं घेऊन या."

"मागं गलका कसला? तांड्यावर कोण आलं इतकं?" मग तो थांबला. "आरं, ही तर मही बायको! ती तर हितं मोळ्या बांधून राहिली!"

सुदामनं सगळं सांगितलं. पलीकडं ट्रॅक्टर चालू होता. मग नायक खाकरला, चतुराबाई खाकरली होती अगदी तसाच.

"जरा भोंग्यापाशी धर फोन," तो म्हणाला. "धरून ठिव."

सुदामनं हात वर करून फोन धरला. खांदा भरून येईपर्यंत धरला. पुढं कधीतरी पलीकडून फोन कटला. 

तो बाभळीच्या बुडाशी बसला आणि सळईचा पाय लांब केला. भोवती शेतात कुठं माणूस नव्हतं. वर पुनमनं पिशवी मागितली, आजीनं खुंटी सांगितली, गोधडी सरकली.

"सुदाम, जेवलास का रं?"

इतके दिवस तो हे ऐकून गप बसायचा. आज तोंडातून आपोआप गेलं.

"न्हाई, याडी. बसतोच आता."

नाल्यापलीकडं हुप्प्यानं मान वर केली.