योसेफाचं कोठार आणि माझं पिंप

टीव्हीवर रोज देशाच्या महागाईची चर्चा, आणि आमच्या स्वयंपाकघरात तेलाच्या पिशवीची. अशात आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मला रविवारचा संदेश द्यायला सांगितलं. मी बायबलातला योसेफ निवडला. सुकाळात कोठारं भरून दुष्काळात अख्खा मिसर देश जगवणारा. मंडळी माना डोलवायला लागली तसा मी चढलो आणि जाहीर करून बसलो, "मीही आजपासून साठवणार. कापणीच्या सणाला सगळ्यांचं वरण माझ्या कोठारातलं!"

कोठार म्हणजे बसवकल्याणच्या बाजारातून आणलेलं निळं प्लास्टिकचं पिंप. त्यात तुरीची डाळ भरली अन् झाकण आवळलं.

"डाळीला ऊन दाखवलाव का?" बायकोनं विचारलं.

"योसेफानं दाखवलं होतं व्हय?"

सणाच्या आदल्या दिवशी झाकण उघडलं. डाळ चालत होती. सोंड्यांची एक फौजच वर येऊन माझ्याकडे बघायला लागली. दुसरी आणावी तर भाव ऐकून दुकानाच्या पायरीवरूनच माघारी फिरलो. उद्या अख्खी मंडळी ताटं घेऊन बसणार आणि वाढायला काय, वचन?

पाळकसाहेबांकडे गेलो. ते पोट धरून हसले. "तुम्ही योसेफापाशीच थांबलाव की! पुढं मान्ना हाय, देवानं रानात आभाळातनं पाडलेलं अन्न. उद्यासाठी ठेवला, त्याच्यात किडे पडले."

दर सणाला लोक शेतातलं पहिलं पीक वेदीपुढं ठेवतात आणि उपासना झाली की त्याचा लिलाव होतो. यंदा पाळकसाहेबांनी सांगितलं, "डाळ, कडधान्याचा लिलाव न्हाई. सगळं हंड्यात!" कुणी मूग ठेवले, कुणी मसूर, कुणी हरभऱ्याची डाळ. आमच्या शेजारच्या बसवभक्त अक्काही तुरीची वाटी घेऊन आल्या. "अण्णा, तुमची तूर पळून गेली म्हणं? ही बसून राहती, बघा."

हंड्यात काय शिजतंय हे कुणालाच सांगता येईना. पण लसणाची फोडणी बसली आणि चर्चच्या आवारात सगळ्यांचं बोलणं थांबलं. पंगतीवर पंगती उठल्या, तरी वरण पुरून उरलं.

वाढता वाढता एक म्हाताऱ्या मावशी ओरडल्या, "पाळकसाहेब, पुढल्या साली ह्याला उपासावर बोलायला लावा. मग बघा, काय काय खायला मिळतंय!"

सगळ्यात मोठ्यानं माझी बायको हसली. मी ताट पुढं केलं, "मावशी, हसा, पण वाढा."