तीनच वायरी

"ताई गेल्या. प्रेसमधी," एवढंच बोलून सलीमभाईंनी फोन ठेवला. वाळूजच्या एका कारखान्यात ते पत्रा दाबून आकार देणारी प्रेस चालवतात. माझी मामेबहीण रंजूताई तिथंच मशीन दुरुस्त करायची. मशीनचं दार उघडून ती आत वाकली आणि प्रेस चालू झाली... दार उघडं असताना प्रेस चालू होऊ नये म्हणून दाराला एक स्विच असतो. त्याला चुंबक चिकटवलं की मशीनला दार बंदच वाटतं, आणि काम भरभर होतं. तिच्या मातीनंतर दोनच दिवसांनी नोटीस लागली: चुंबक मयत कर्मचाऱ्याने स्वतःच लावले होते. मेलेल्या माणसावर दोष ढकलणं सोपं असतं, त्याची सही लागत नाही.

मी मोर्चे-सभांत पत्रकं वाटत वाढले. ती जायच्या तीनच आठवडे आधी तिथं दोघांची बोटं तुटली, तेव्हा तावातावानं लिहिलेलं पत्रक घेऊन मी तिच्या खोलीवर गेले. तिनं वाचलं, नीट घडी घातली. "लई भारी लिवतीस. साहेब उद्या यावर भजी खातील." मग पलंगाखालून प्लास्टिकचा एक डबा काढला. आत छोटं बोर्ड, सेल आणि दोन सेन्सर. एक दार बघणार, दुसरा प्रेसचा हादरा टिपणार. "चुंबकाला हे फसत नाय," ती म्हणाली.

डब्यातली नोंद कॉम्प्युटरवर कशी घ्यायची, हे त्या दुपारी तिनं मला चारदा करायला लावलं. औरंगपुऱ्याच्या बाजारातून आणलेलं बोटाएवढं यूएसबी अडॅप्टर. आधी ग्राउंडची वायर. मग अडॅप्टरची बोलायची पिन बोर्डाच्या ऐकायच्या पिनेला, आणि उलट. "दोघं बी बोलाय लागले तर ऐकणार कोण? तुझ्या सभेगत व्हतंय." डीटीआर लिहिलेल्या पिनेला मी वायर लावायला गेले, तर तिनं मनगटच धरलं. "ती नाय! ती जोडली की पोर्ट उघडताच बोर्ड नव्यानं सुरू व्हतं अन् मागचं सगळं पुसतं. पक्की मेमरी पुढल्या महिन्यात बसवू. तवर तीनच वायरी."

पुढला महिना तिला मिळाला नाही.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सलीमभाई जेवणाच्या पिशवीतून तो डबा घेऊन आले. "बेटा, ताईनंच मशीनच्या मागं लावला व्हता, तिसऱ्या दिवशी मी काढला. लाइट अजून लुकलुकतेय. मेरेकू समझता नई, तू बघ."

डीटीआरच्या पिनेवर मी चिकटपट्टी लावली. तीन वायरी जोडल्या. पोर्ट उघडलं... पडदा कोराच. सगळं पुसलं गेलं, तिच्यावरचा आळ पुसणारा पुरावाही गेला, असं वाटून मी चिकटपट्टी पुन्हा तपासली. मग नोंद मागवायला तिनं शिकवलेलं अक्षर टाइप केलं आणि ओळी धावू लागल्या. रोमन अक्षरांतली तिची मराठी. दार उघडं, प्रेस चालू. दार उघडं, प्रेस चालू. तिचा शेवट मी ओळखला: एकच ठोका, आणि मग पन्नास मिनिटं काही नाही. त्यानंतर पुन्हा दार उघडं, प्रेस चालू. त्याच पाळीत! दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही, डबा निघेपर्यंत.

ती गेल्यावरही चुंबक कोण लावत होतं, हा प्रश्न मी कारखाना निरीक्षकांना लेखी दिला आहे, सगळ्या ओळींसकट. उत्तर आलेलं नाही. डबा माझ्या टेबलावर आहे, तीन वायरींनी जोडलेला, तिनं शिकवलं तसाच. मला तो सोडवावासा वाटत नाही.

काल सलीमभाईंचा फोन आला. डबा कुणी काढला, हे वर साहेबांना कळलंय.

"दार अजून उघडंच हाय, बेटा," ते म्हणाले. "अन् ताई गेल्या त्याच प्रेसवर आजपासून मला उभं केलंय."