गॅरेजात न सापडणारा बिघाड

मी चौथीपर्यंत शिकलो, तीही धड नाही. पण बहारीनमध्ये नव्वदच्या पुढची सगळी वर्षं माझं पोट क्लच आणि ब्रेकवर भरलं. माझ्या हातून गेलेली गाडी त्याच तक्रारीसाठी परत येत नसे. एक पिकअप मात्र आली. पुन्हा पुन्हा आली.

ती चालवायचा रत्नागिरीकडचा एक भाई, माझ्याच वयाचा. बाजारातून भाजीची खोकी उचलायची आणि गुदैबिया, माहूजच्या कोल्ड स्टोअरांत, म्हणजे तिथल्या किराणा दुकानांत, पोचवायची, हे त्याचं काम. गाडी कफीलची, म्हणजे त्याला कामावर ठेवणाऱ्या अरब मालकाची, आणि भाईचा व्हिसाही कफीलच्याच नावावर. तक्रार एकच. थोडं फिरलं की गिअर पडत नाही, खर्र खर्र करतो, आणि क्लच दाबून धरला तरी गाडी पुढं सरकत राहते.

या क्लचला तार नसते. पॅडल दाबलं की वरचा पंप तेल ढकलतो, ते नळीनं खाली जातं, खालचा पंप दांडा ढकलतो आणि क्लच सुटतो. तेल गळालं, नळीत हवा शिरली किंवा पंपाचं रबर मेलं, की दांडा अर्धाच सरकतो. सगळं एवढंच आहे, पण शोधायला पाठ मोडते.

पहिल्या दिवशी मी डबीतलं तेल पाहिलं, पुरेसं होतं. चढताना पायाखाली अंथरलेली बैठक गुंडाळून मागं टाकली. काळ्या तेलाचे बूट घेऊन दुसऱ्याच्या गाडीत तसंच चढायचं नाही, ही माझी रीत. पॅडल मारून पाहिलं, मग खाली शिरलो. खालच्या पंपाची रबरी टोपी सोलून बोट घातलं, तर ओलं लागलं. रबर बदललं. भाई वर बसून पॅडल मारत होता आणि मी खाली तापल्या सिमेंटवर पाठ टेकून ओरडत होतो, "मार... धर... आता सोड." हवा निघाली. गिअर असा पडला की आवाजसुद्धा नाही.

आठवडा जायच्या आत गाडी परत. वरचा पंप खोलला, त्याचंही रबर बदललं. पुन्हा तेच. गॅरेजात ठीक, रस्त्यावर खर्र.

"मेस्त्री, गाडीला तुमचा धाक हाय," भाई म्हणाला. "तुमच्या दारात आली की सासरी आल्यागत मान खाली घालते."

"मग माहेरी कोण लाडावून ठेवतो तिला? तूच ना?"

तो हसला, पण नेहमीसारखा नाही. आदल्या दिवशी कफील येऊन गेला होता. फिर रस्ते में बंद हुआ तो खलास, म्हणाला होता. गाडी भंगारात आणि भाई गावाला. गाडी नाही तर ड्रायव्हर कशाला? केस पांढरे झालेल्या माणसाला दुसरा कफील मिळणं सोपं नव्हतं. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मला तर ती गाडी डोळ्यांसमोर नको झाली होती. तरी म्हटलं, चल, तू चालव, मी शेजारी बसतो. भर उन्हात निघालो. गाडीत एसी नाही, खिडकीतून भट्टीचा वारा. माहूजच्या सिग्नलला खर्र झालंच. मागचे हॉर्न बडवायला लागले. कशीबशी कडेला घेतली.

"उतर," म्हटलं, "मला बघू दे."

दार उघडलं, वाकलो, सवयीनं बैठक गुंडाळून मागं टाकली, बसलो, क्लच दाबला. गिअर पडला. रिव्हर्स पडला. पुन्हा पहिला टाकला, तोही पडला.

मी मागं वळून त्या बैठकीकडं पाहिलं. नीट अशी तेव्हाच पाहिली. कफीलच्या मजलिसमधून, म्हणजे दिवाणखान्यातून, काढलेला जाड गालिचा होता तो, कापून, दुहेरी घडी केलेला. भाई अनवाणी गाडी चालवायचा. चपला घरासारख्या दाराशी काढायचा. उन्हाळ्यात पायाखालचा पत्रा तव्यासारखा तापे, म्हणून हा गालिचा. टाचेनं तो हळूहळू पुढं सरकायचा, पॅडलखाली गोळा व्हायचा आणि पॅडल तळाला जाऊच द्यायचा नाही. मी दर वेळी तो आधी काढायचो आणि मग बिघाड शोधायचो.

भाईच्याही ध्यानात आलं. खालीच बसला रस्त्याच्या कडेला. "मेस्त्री, साहेबाला हे नका सांगू. तो म्हणेल, गाडी नाय, ड्रायव्हरच खराब हाय."

संध्याकाळी कफील गॅरेजात आला. "क्या था?"

रबरं मी बरोबरच बदलली होती. एक तर ओलंच होतं, हे मी आजही कुणालाही ठणकावून सांगेन. त्या दिवशी मात्र म्हणालो, "हवा रह गया था साहेब. मेरे हाथ से."

"इतना साल काम किया, हवा निकालना मालूम नहीं? तुम मिस्त्री है या हज्जाम है?"

गॅरेजातले सगळे हसले. एरवी मी पाना आपटून निघून गेलो असतो. त्या दिवशी भाई दारात उभा होता, चपला हातात घेऊन. मी फडक्याला हात पुसत राहिलो.

भाईची नोकरी राहिली. तो कॅनव्हासचे बूट घालायला लागला आणि पाय शिजतात म्हणून रोज कुरकुरायचा. गालिचा त्यानं गॅरेजातून परत नेला नाही. गाडीखाली शिरताना मी तो पाठीखाली घ्यायला लागलो. चांगला जाड होता. कफील कधी आला तर वरून बुटानं माझ्या पायाला टोचायचा, "क्या मिस्त्री, हवा निकाला?"

मी त्याच्याच गालिच्यावर पडल्या पडल्या म्हणायचो, "निकाला, साहेब."