भाऊजींच्या नाकाची तपासणी

माझे थोरले दीर नाकावर पोट भरायचे. थट्टेने नाही सांगत मी. दूध डेअरीत सकाळी कॅन आले की झाकण उचलायचं, तोंड खाली नेऊन एकदा हुंगायचं आणि हाताने खूण करायची, घ्या किंवा बाजूला ठेवा. मशीन नंतर, आधी भाऊजी. दूध न धुतलेल्या भांड्यात राहिलं होतं का, गोठ्यात रॉकेल सांडलं होतं का, ते झाकण पुरतं उघडायच्या आत सांगायचे. डेअरीतले सगळे त्यांना ‘नाकेश्वर’ म्हणायचे. भाऊजी वरवर रागवायचे, पण त्यांना ते आवडायचं.

डेअरीच्या फाटकासमोर एका मोटारीने मागे येताना त्यांच्या सायकलला धडक दिली. भाऊजी उताणे पडले आणि डोकं मागून फुटपाथच्या कडेवर आपटलं. टाके पडले, निघाले, वर केसही उगवले. पुन्हा कामावर गेले त्या सकाळी त्यांनी झाकण उचललं, हुंगलं आणि ‘घ्या’ अशी खूण केली.

“अहो, आंबलंय हे!” कॅन उचलणारा हमाल ओरडला. “मला इथपर्यंत वास मारतोय!”

भाऊजींनी पुन्हा तोंड खाली नेलं. “पाण्याच्या पिंपात डोकावल्यासारखं वाटलं गं,” घरी येऊन मला म्हणाले.

डेअरीने त्यांना कॅन धुवायच्या हौदावर लावलं. आम्ही भरपाईचा दावा लावला. मोटारीच्या विमा कंपनीचं म्हणणं असं की, हाड मोडलं नाही, जखम भरली, आता वास येत नाही म्हणायला काय, कोणीही म्हणेल. वर्ष उलटून गेलं. शेवटी ठरलं की कंपनीने नेमलेला डॉक्टर तपासेल आणि तो सांगेल ते दोन्ही बाजूंनी मान्य करायचं. आमच्या वकीलबाईंनी बजावलं, “त्याने ढोंग म्हटलं तर दावा गेला. आणि डेअरीतही यांना तोंड दाखवायला जागा उरणार नाही.”

आमच्या ह्यांना घरबसल्या जगाचे खटले जिंकता येतात. तपासणीच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून ह्यांनी भावाला पढवायला घेतलं.

“दादा, काहीही नाकाखाली धरू दे, दगड व्हायचं. पापणी हलली की मेलो.”

“आणि शिंक आली तर?”

“गिळायची.”

“शिंक गिळतात?”

“तू वाद घालू नकोस रे. तुझ्या या साधेपणाने वाटोळं होणार आहे आपलं.”

मला राहवलं नाही. “निघताना देवाला नमस्कार करून आलोय आपण, आणि त्यांना दगड व्हायला काय सांगताय?”

“देव तरी कशाचा असतो?” हे म्हणाले.

भाऊजींना अधूनमधून चक्कर यायची, म्हणून सोबत एकाला आत घेणार होते. ह्यांची जीभ आवरत नाही, तेव्हा मीच गेले.

डॉक्टर वयस्कर होते. हसणं नाही, बोलणं नाही. टेबलावर बुटक्या काळ्या बाटल्या. एकीचं बूच काढलं, भाऊजींच्या नाकाखाली धरली.

“काही?”

“नाही.”

लवंगेचा वास कोपऱ्यात माझ्यापर्यंत आला. पुढची बाटली कॉफीची होती, मग साबणाची. प्रत्येक वेळी तेच, “काही?” “नाही.” डॉक्टर लिहीत होते, चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. भाऊजींच्या गुडघ्यांवरच्या मुठी आवळत चालल्या होत्या. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते.

मग डॉक्टरांनी खणातून वेगळी बाटली काढली.

ती नाकाखाली गेली मात्र, भाऊजींचं डोकं झटक्यात मागे गेलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी. गेलं सगळं, बाहेर ह्यांना काय सांगू?

“आला वास?” डॉक्टरांनी पहिल्यांदा मान वर केली.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. खोकला आला म्हणता आलं असतं. धूळ गेली म्हणता आलं असतं. मीच मनात म्हणत होते, म्हणा भाऊजी, काहीतरी म्हणा.

“वास नाही आला,” ते बाहीने डोळे पुसत म्हणाले. “पण झोंबलं. नाकात सुया टोचल्यासारखं. भाऊ म्हणाला होता हलायचं नाही. पण झोंबलं ते झोंबलं.”

डॉक्टरांनी बूच लावलं. “हा अमोनिया. हा वासावाचूनही झोंबतो, ज्याचा वास पार गेलाय त्यालाही. यालाही जो ‘काही नाही’ म्हणत बसतो, त्याला मी ढोंगी लिहितो.”

आमच्या ह्यांनी पढवून बुडवायचंच बाकी ठेवलं होतं!

“तुमचा वास खरंच गेलाय,” डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले. “इतके दिवस झाले, आता परत येईल असं नाही वाटत मला. तसंच लिहितो. दाव्याला अडचण येणार नाही.”

भाऊजींनी टेबलावरच्या बाटल्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, “ती पहिली बाटली जरा देता?”

डॉक्टरांनी लवंगेची बाटली पुढे केली. भाऊजींनी ती दोन्ही हातांत धरली, डोळे मिटले आणि डेअरीत हुंगायचे तसं, तोंड खाली नेऊन हुंगलं. थांबले. पुन्हा हुंगलं. मग बूच नीट दाबून बाटली परत दिली.

रोज सकाळी देवापुढे बसून मी एकाच दमात दोन गोष्टी मागत आले होते, दावा मिळू दे आणि भाऊजींचा वास परत येऊ दे. त्या एकमेकींच्या आड येतात, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

बाहेर हे उठून उभेच होते. “काय रे दादा, झालास ना दगड?”

“नाही.”

“नाही? मग बोंबललंच की सगळं!”

“मिळेल म्हणाले,” भाऊजी म्हणाले.

ह्यांनी त्यांच्या पाठीत आनंदाने असा धपका घातला की बाकावरची माणसं वळून बघायला लागली. वकीलबाईंना फोन लावायला हे रस्त्यावर धावले. भाऊजी मात्र बाकावर टेकले, आणि मीही घाई न करता त्यांच्या शेजारी बसून राहिले.