मिहरान मास्तरांची हजेरी

बहारीनमधल्या जुफैरच्या आमच्या फ्लॅटची भिंत म्हणजे नुसता पुठ्ठा. ब्याण्णव-त्र्याण्णव सालची गोष्ट. पलीकडे मिहरान मास्तर राहायचे, पुतणी आनुशकडे. म्हातारा आर्मेनियन, सीरियातून आलेला. रोज सकाळी मी भाकऱ्या थापायला लागले की पलीकडे हजेरी सुरू. झावेन. नुबार. अर्शाक. प्रत्येक नावानंतर जरा थांबायचे. मला वाटलं, ट्यूशन घेतात. आमची पोरगी श्रावस्ती इंग्रजीत काठावर पास झालेली, म्हणून तिला घेऊन गेले. आत ना बाकं, ना पोरं. मास्तर एकटेच कोट घालून भिंतीसमोर उभे. मी श्रावस्तीचा हात धरून मागे फिरले.

मग आनुशने सगळं सांगितलं. मास्तरांचे वडील तुर्की सुलतानाच्या राज्यात शाळा चालवायचे, पोरांसाठी गोष्टी लिहायचे. आपल्या भाषेत लिहिणारा माणूस सरकारच्या डोळ्यात सलायचा. पहिल्या महायुद्धात शिपाई थेट वर्गात घुसले, तेव्हा वडील हजेरी घेत होते. त्यांना नेलं ते नेलंच. पोरांना घरच्यांसकट वाळवंटात हाकललं. त्या वर्गातला एकटा मिहरान जगला. मोठेपणी तोही मास्तर झाला, सीरियातल्या हलब शहरात जन्मभर शिकवलं.

मी नवऱ्याला, हरिदासला म्हटलं, घर बदलू या. तो एसी मेकॅनिक. म्हणाला, भिंत बोलते म्हणून कंपनी दुसरा फ्लॅट देते का? आम्ही बुद्धाची माणसं, भूतबित मानत नाही. पण खरं सांगते, पुढे पुढे मला त्या थांबण्यात पोरांची उत्तरं ऐकू यायला लागली. पिठाचे हात तसेच राहायचे, तव्यावरची भाकरी करपायची.

हजेरी रोज वार्तान या नावावर तुटायची. एकदा मी वैतागून मोडक्या इंग्रजीत विचारलंच, पुढचं नाव का घेत नाही?

"शेवटचं नाव माझं," मास्तर म्हणाले. "वडिलांनी ते घेतलंच नाही. मी कसं घेऊ?"

थंडीत मास्तर अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी हात टेकले, पण जीव जाईना. आनुश रडत आली. म्हणाली, वार्तानपर्यंत येतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात, सुटकाच नाही.

माझा संताप संताप झाला. माझ्या बापाला शाळेत उंबऱ्याबाहेर बसवायचे, हजेरीत त्याचं नाव कोणी घ्यायचं नाही. म्हातारपणीसुद्धा तो ते पुन्हा पुन्हा सांगायचा. नाव न घेतलेलं पोर कसं असतं, ते मी घरात बघितलंय.

मी तडक मास्तरांच्या पलंगापाशी उभी राहिले. नावं मला पाठच झाली होती. एकेक घेत गेले, त्यांच्यासारखी थांबत गेले. वार्तान झालं. मग मोठ्याने म्हटलं, "मिहरान."

म्हाताऱ्याने हात वर केला. त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले, पण माझ्याशी नाही. नजर माझ्या खांद्यावरून दाराकडे होती.

आनुशने सांगितलं, "वडिलांना म्हणतायत, सगळे आलेत बाबा, आता शिकवा."

मला मागे वळून बघायची हिंमत झाली नाही.