उस्तादांची ट्रायल

दुपारी नांदेडची एसटी यायच्या वेळेला उस्ताद हातातलं काम टाकून रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहत. गाडी थांबे, माणसं उतरत, उस्ताद प्रत्येकाकडे बघत, आणि गाडी पुढं गेली की हात पुसत परत कुणाच्या तरी ट्रकखाली शिरत. मला पहिल्या दिवशी वाटलं, पाहुणे येणार असतील. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, "भूकंपापासून हेच चालू हाय. बायको माहेरी गेली, ती आलीच न्हाई."

नाव करीमुद्दीन, पण लातुरात ते नाव कुणाला ठाऊक नव्हतं. उंच माणूस, जन्म गाड्यांखाली गेल्यामुळं उभे असतानाही मान जरा वाकलेली. गॅरेजमध्ये एकटेच. हाताखाली माणूस का ठेवत नाही, असं विचारलं तर म्हणत, "माणूस ठेवला की बोलावं लागतं."

भूकंपात त्यांचं घर पडलं नव्हतं. एक भिंत तेवढी गेली, माणसं वाचली. पण शमीमभाभींनी ती रात्र पोरांना कवटाळून रस्त्यावर काढली आणि उजाडल्यावर नांदेडला भावाचं घर गाठलं. उस्तादांनी भिंत बांधून घेतली. पुढं लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले, गावोगावची पोरं शिकायला आली, तेव्हा ते घर त्यांनी पोरांना भाड्यानं दिलं आणि स्वतः गॅरेजच्या पत्र्याखाली खाट टाकली.

मी कंधारचा. त्या पोरांच्या होस्टेलांना पाणी पुरवणाऱ्या टँकरवर ड्रायव्हर होतो. ट्रक जुना, परदेशी बनावटीचा; भूकंपानंतर मदतीच्या सामानाबरोबर आलेला आणि नंतर माझ्या मालकानं लिलावात घेतलेला. त्याला क्लचच नव्हता, गिअर आपोआप पडायचे. एका उन्हाळ्यात तो जागेवरून उठेना. इंजिन नुसतं कण्हायचं आणि गाडी म्हशीसारखी रेंगाळायची. एकदा वेग धरला की मात्र नीट पळायची. दोन मिस्त्र्यांनी गिअरबॉक्स गेला म्हणून सांगितलं. मालक म्हणाला, भंगारात काढतो. ट्रक गेला तर माझी नोकरीही जाणार होती. शेवटचा म्हणून उस्तादांकडं आणला.

"भंगाराची घाई कशाला? आधी तिला विचारून तर बघू," ते म्हणाले.

गिअरबॉक्सचं तेल त्यांनी बोटावर घेतलं, हुंगलं, उन्हात धरलं. त्यात बारीक चकाकणारा चुरा होता. मग चाकांना दगड लावले, मला ब्रेक दाबून धरायला लावला आणि गिअरात टाकून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगितला. स्वतः बाजूला डोळे मिटून उभे राहिले. क्षणभरातच हात वर केला. "बस. इंजन दमदार हाय, पण दबून राहिलं. गिअरबॉक्स न्हाई, कन्व्हर्टर गेला."

मला काही कळलं नाही. तेव्हा त्यांनी हाताचे दोन्ही पंजे समोरासमोर धरले. "तेलात असे दोन पंखे असतात. एकाला इंजन फिरवतं. तो तेल फेकतो, त्या जोरानं दुसरा फिरतो. एकमेकाला शिवत न्हाईत. मधी एक लहान पंखा, तेलाला वळण लावणारा. त्यानं एका बाजूला अडून राहायचं असतं. तुमचा दोन्हीकडं फिरून राहिला."

दुसऱ्या दिवशी खोलायला घेतलं. तेल काढलं, मागचा शाफ्ट उतरवला. इंजिन मी पहारीनं थोडंथोडं फिरवायचं आणि खालच्या झरोक्यातून समोर येईल तो कन्व्हर्टरचा बोल्ट त्यांनी काढायचा. मग गिअरबॉक्सखाली जॅक लावला आणि मला म्हणाले, "आता बाहेर थांबा." गिअरबॉक्स मागं सरकला, आणि जॅक कलला.

"गणपतराव, हात!"

मी आत शिरलो. तेलानं भरलेला तो गोल, मोठ्या हंड्याएवढा कन्व्हर्टर शाफ्टवरून निसटत होता. आम्ही दोघांनी तो छातीवर झेलला. तेल मानेतून, कानातून वाहत गेलं. उस्तादांनी पायानं लाकडी ठोकळा ओढून खाली सारेपर्यंत दोघांनाही हलता येईना. ठोकळा बसला तसे ते हसले. तोवर मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मग तिथंच उताणे पडून, मी काही न विचारता बोलायला लागले.

"भिंत बांधून झाली म्हणून सांगायला नांदेडला गेलो होतो. तर म्हणाली, भिंत बांधली, जमीन कुठं बांधली?"

"मग?"

"मग काय. आलो परत. तिचं बी खरंच हाय."

"तुम्हीच तिकडं जावा की, उस्ताद."

"इथं सगळे ओळखीचे हायत. आन् ती येईल की. एसटी रोज हाय."

बाहेर आल्यावर त्यांनी कन्व्हर्टरच्या भोकात बोट घालून आतल्या लहान पंख्याचं चाक फिरवलं. ते दोन्हीकडं मोकळं फिरलं. "बघा," एवढंच म्हणाले. हैदराबादच्या जुन्या बाजारातून तसलाच दुसरा आणून त्यांनी बसवला.

ट्रायलला म्हणाले, "भरलेल्या टाकीनिशी लांब जायला पायजे. नांदेडकडं घ्या." अहमदपूर, लोहा मागं पडलं. चढावर ट्रक कुठंही अडला नाही. नांदेडात त्यांनी एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी थांबवायला लावलं. स्वतः उतरले नाहीत. ट्रकचा आवाज ऐकून शमीमभाभीच बाहेर आल्या.

"कैसे आए?"

"गाडी का ट्रायल था."

 भाभींनी टाकीकडं पाहून मला मराठीत विचारलं, "पाणी हाय का त्यात?" घरात दोन दिवस नळ नव्हता. उस्ताद उतरले. घरातली बादली, घागर, पातेली, न्हाणीतला हौद, सगळं त्यांनी स्वतः भरलं. भाभी दारात उभ्या राहून भांडी पुढं सरकवत होत्या. सगळं भरल्यावर उस्तादांनी घरातला तांब्याही मागून घेतला आणि तोही भरून दिला. मग भरायला काही उरलं नाही. ते येऊन केबिनमध्ये बसले.

परतीच्या वाटेवर लोह्याच्या पुढं एकदाच बोलले, "चढाला दबत न्हाई आता. नीट झाली गाडी."

पुढच्या हिवाळ्यात उस्ताद गेले. दुपारी खाटेवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. शमीमभाभी भावाच्या जीपमधून आल्या. माती देऊन झाल्यावर त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"त्या दिवशी जाताना वाटेत काय बोलले?"

मला खोटं सुचलं नाही. "गाडी नीट झाली म्हणाले."

"तेवढंच?"

"तेवढंच, भाभी."

भाभी पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिल्या. "मी दारात उभीच होते," त्या म्हणाल्या. "ते चल म्हणले असते, तर मी बसले असते गाडीत."