विचारून फोटो काढणारा माणूस

तुमच्या पत्रकावर, तुमच्या मंडळाच्या बोर्डावर, तुमच्या वेबसाइटवर आज जे चेहरे आहेत, त्यांतल्या एकाला तरी तुम्ही विचारलं होतं का?

मी विचारलं नव्हतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्यांचा फोटो स्टुडिओ होता, ते मामा मात्र विचारायचे. दर वेळी, ज्याला त्याला. "काढू काय? नगं म्हनलासा तरी च्या पिऊनच जानार." समोरचा हसायचा आणि बहुतेक वेळा हो म्हणायचा. नाही म्हणाला, तर मामा खरोखर चहा पिऊन निघून यायचे.

एका लग्नात त्यांनी नवरीला विचारलं. नवरीचा बाप भडकला. "पोरगी माजी हाय! मी सांगतोय न्हवं, काढ!"

"पोरगी तुमची हाय वो पावणं," मामा म्हणाले, "तोंड तिचं हाय."

एकदा नृसिंहवाडीला फोटो काढायला म्हणून गेले आणि कोरा रोल घेऊन परत आले. का, विचारलं तर म्हणाले, "समदी डोळं मिटून बसल्याली. मिटल्या डोळ्यास्नी कसं इचारनार?"

लोक त्यांना येडं म्हणायचे. मीही म्हणायचे, मनातल्या मनात.

स्टुडिओत पत्र्याचे बिस्किटाचे डबे होते. त्यांत निगेटिव्ह. प्रत्येक निगेटिव्ह कागदी पाकिटात, आणि पाकिटावर निळ्या शाईत माणसाचं नाव, गाव आणि एक ओळ. 'घरापुरता.' 'माहेरी चालंल, सासरी न्हाय.' 'मी मेल्यावर दावा.' फोटो कुणाला दाखवायचा, हे ज्याचा फोटो त्यानं सांगायचं आणि मामांनी लिहून ठेवायचं. एवढाच त्यांचा कायदा होता. वीस-बावीस वर्षांत तो त्यांनी एकदाही मोडला नव्हता.

माझी शिकवण उलटी. माझे वडील सायकलच्या पिशवीतून पत्रकं वाटायचे. धम्मदीक्षेचा वर्धापनदिन, मजुरीचा प्रश्न, वस्तीच्या पाण्याचा प्रश्न. मी अक्षरओळख शिकले ती त्या पत्रकांवर. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी एक ओळ असायची, 'वाचून झाल्यावर दुसऱ्याला द्या.' जितक्या हातांत जाईल तितकं चांगलं. मालकी हा आमच्या घरात शिवीसारखा शब्द होता.

नव्वदीच्या अखेरीला, घरी बसून चांदीचं काम करणाऱ्या बायकांच्या मजुरीवर आम्ही पत्रक काढत होतो. मला चित्र हवं होतं. मामांच्या डब्यात हुपरीच्या एका आक्कांचा फोटो होता. नळी तोंडात धरून त्या ज्योतीवर फुंकर घालताहेत, पैंजणाच्या कड्या जोडताहेत. गाल फुगलेले, डोळ्यांत ज्योत, पदर खांद्यावर घसरलेला. मी तसा फोटो पुन्हा पाहिला नाही.

पाकिटावर होतं, 'घरापुरता.'

मामा मला घेऊन हुपरीच्या एसटीत बसले. आक्का म्हणाल्या, "डोईवर पदर न्हाय, गाल बेडकावानी. सुनांची माहेरची मानसं बगतील की रं!" मग थोडा विचार करून म्हणाल्या, "खरं आमच्या मजुरीचं हाय म्हंतासा. छापा. एकडाव." मामांनी तिथंच पाकिटावर लिहिलं, 'पत्रकाला. एकदाच.'

पत्रक निघालं, वाटलं, संपलं.

पाच-सहा वर्षांनी आम्हा चार पोरापोरींना वेबसाइटचं वेड लागलं. मी जुनी पत्रकं चढवली. आक्कांचा फोटो वेगळा काढून मोठा करून लावला आणि खाली, वडिलांची लेक म्हणून, लिहिलं, 'जरूर वापरा, पुढे पाठवा.' मोठ्या अभिमानानं मामांना दाखवायला नेलं.

त्यांनी एकच विचारलं. "इचारलंस आक्काला?"

"मामा, पत्रकात आलाच आहे की."

ते गप्प झाले. मी त्या गप्प बसण्याला होकार समजले.

पुढच्याच वर्षी आक्का मेल्या. म्हणजे एसटी स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका बोर्डावर मेल्या. शहरात तेव्हा फ्लेक्सची दुकानं नवी निघत होती. त्यांतल्या एकानं श्रद्धांजलीच्या बोर्डाचा नमुना करून दारात टांगला. हार, समई, 'भावपूर्ण श्रद्धांजली', नावाच्या जागी ठिपके, आणि मधोमध फुगल्या गालांच्या आक्का. इंटरनेटवर 'म्हातारी' शोधली, चांगली दिसली, उचलली.

एसटीच्या खिडकीतून कुणी नातेवाइकानं बोर्ड पाहिला. सीमेपलीकडच्या गावातून आक्कांची धाकटी बहीण ऊर बडवत हुपरीत शिरली. आक्का दारातच कामाला बसल्या होत्या.

"अगं बाई! तू हायस व्हय?"

"मग कुटं जातोय? रडतीस कशाला? पानी घे."

सगळी गल्ली हसली. आक्काही हसल्या. मग बहिणीनं बोर्डाचं सांगितलं, पदराचंही सांगितलं, आणि त्यांचं हसू थांबलं.

मामा आणि मी गेलो तेव्हा त्यांनी बाजारात जाणं सोडलं होतं. पोरं मागून 'मेल्याली आक्का' म्हणायची. सुनेच्या भावानं घरी येऊन विचारलं होतं, तुमची म्हातारी बोर्डावर उघड्या डोईनं काय करते. मामा ओट्यावर बसले, टोपी हातात घेऊन. मी बोलायला तोंड उघडलं, त्यांनी मला थांबवलं.

"चूक माजी हाय, आक्का."

"चूक कुनाची ते र्‍हाऊ दे," आक्का म्हणाल्या. "माजं तोंड मला परत द्या."

मामांनी खिशातून पाकीट काढलं आणि निगेटिव्ह त्यांच्या हातावर ठेवली. आक्कांनी ती चिमट्यात धरली, नळी तोंडात घेतली आणि ज्योतीवर फुंकर घातली. फिल्म आक्रसली, काळी झाली, टपकली. आक्कांना वाटलं, संपलं. मामांनाही वाटलं. मला माहीत होतं, संपलेलं नाही. तिथं सांगायचं धाडस मला झालं नाही. परतताना एसटीत मामांना सांगितलं, निगेटिव्ह जळली तरी नेटवरचा फोटो राहतोच.

मग आम्ही फ्लेक्सच्या दुकानापासून सुरुवात केली. फ्लेक्सवाला तरणा पोरगा होता, उद्धटही नव्हता. "काका, नेटवरचं हाय. नेटवरचं कुनाचं नसतंय." आणि पडद्यावर बोट ठेवून, "ह्ये बगा की, खाली लिवलंय. जरूर वापरा."

मामांनी माझ्याकडे पाहिलं.

त्यानं बोर्ड उतरवला. पण नमुन्यांची सीडी तोवर सांगलीपर्यंत गेली होती. मी आमच्या साइटवरून फोटो काढला. दुसऱ्या साइट्सवर तो आधीच होता. वकिलाकडे गेलो. वकील म्हणाले, "फोटो तुमचा, हक्क तुमचा, कायदा तुमच्या बाजूनं आहे. निगेटिव्ह आणा, नोटिसा काढू."

"न्हाय," मामा म्हणाले.

"हरवली?"

"जिची हुती तिला दिली."

वकील हसले. अशा अशिलाचं काय करायचं ते त्यांच्या पुस्तकात नव्हतं.

कुणी सुचवलं, फोटोवर आडवं आपलं नाव टाकून तोच सगळीकडे पसरवा, म्हणजे हक्क दिसेल. मामा पहिल्यांदा ओरडले, "तिच्या तोंडावर माजं नाव लिवू व्हय?"

त्यानंतर ते माणसांचे फोटो काढीनासे झाले. फक्त पासपोर्ट साइज. "हितं मानूस आपन हून येऊन बसतंय," म्हणायचे. संध्याकाळी सायबर कॅफेत माझ्या शेजारी स्टुलावर बसायचे. मी फोटो शोधायचे, ते तोंडी सांगायचे, मी पत्र टाइप करायचे. 'हा फोटो एका जित्या बाईचा आहे. काढावा ही विनंती.' उत्तरं येत नसत. आली तर, 'पुरावा?' कधी दवाखान्याची जाहिरात, कधी देवदर्शनाच्या सहलीची, कधी गरिबीवरचा लेख. लेख आमच्यासारख्याच तळमळीच्या लोकांचा होता. त्यांनीही विचारलं नव्हतं.

शेवटच्या खेपेला एका पानावर आक्का फार मोठ्या दिसल्या, अख्खा पडदा भरून. मागच्या बाकावरची पोरं बघून हसली. मामा उठले आणि दोन्ही तळवे पडद्यावर ठेवून उभे राहिले. चेहरा त्यांच्या हातांच्या बाहेर उरतच होता. कॅफेवाला म्हणाला, "काका, काच खराब हुतीया." ते हलले नाहीत.

त्याच वर्षी मामा वारले. स्टुडिओच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. डबे त्यांच्या मुलीनं पाकिटं वाचून ज्याचे त्याला पोचवले.

आक्का आहेत. अजून कड्या जोडतात, दार लोटून घेऊन.

म्हणून तुम्हाला सांगते. नळीनं ज्योतीवर फुंकर घालणारी, खांद्यावर पदर घसरलेली म्हातारी तुमच्या संगणकात, सीडीत, दुकानाच्या नमुन्यांत कुठंही असेल, तर आज पुसून टाका. हीच का ती, हे विचारायला तो फोटो मला पाठवू नका.